आवाज उजवीकडे, थरथर डावीकडे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या धायरीतल्या एक शिक्षिका गाडी घेऊन गॅरेजला आल्या. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, मीटरवर ७९ हजार किलोमीटर. गाडी बंद करायच्या आधीच तक्रार सुरू झाली. "दादा, ब्रेक दाबला की गाडी थरथरते आणि ओरडते. दोनदा डिस्क बदलून झाल्या. आता तुम्हीही डिस्कच बदला म्हणालात तर मी गाडी विकते."

त्यांनी बिलांची फाइल आणली होती, तारीखवार लावलेली. मला अशी फाइल फार कमी वेळा बघायला मिळते. मागच्या वर्षी जानेवारीत, ६८ हजारांवर, पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, आणि त्यांना दोन्हीकडून चिमटणारे पॅड बदललेले. कंपनीच्या मूळ डिस्क झिजून किमान जाडीच्या खाली गेल्या होत्या, त्यामुळे तो खर्च रास्तच होता. चारेक महिने गाडी छान चालली, मग स्टिअरिंग हलायला लागलं. दोनदा व्हील बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट. फरक शून्य. ऑक्टोबरात ७४ हजारांवर पुन्हा डिस्क, पुन्हा पॅड. कारण म्हणून बिलावर फक्त 'डिस्क बेंड' लिहिलेलं. त्यानंतर पुन्हा चार महिने सुखाचे, आणि होळीच्या सुमारास थरथर परत हजर. सगळं मिळून सोळा हजारांच्या वर गेले होते.

याच फाइलमध्ये उत्तर होतं. मी ती चाळली, पण नीट वाचली नाही.

पहिली भेट, आणि माझी चूक

गिऱ्हाईक 'थरथरते आणि ओरडते' असं एका दमात सांगतं, आणि आपणही एकाच रोगाची दोन लक्षणं समजून बसतो. मी निदान प्रश्न तरी वेगवेगळे विचारले. थरथर कधी येते? सातारला माहेर आहे, महिन्यातून दोनदा जाणं होतं. परत येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून खाली उतरलं, शिरवळच्या सपाटीला ऐंशीचा वेग आला आणि पुढच्या ट्रकमुळे हलका ब्रेक लावला, की स्टिअरिंग हातात नाचतं. जोरात दाबला तर उलट कमी वाटतं. कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे, तिथेही जाणवतं. गावात, सिंहगड रोडच्या गर्दीत, काहीही नाही. आणि आवाज? तो मात्र गावातच. सोसायटीत गाडी लावताना, सिग्नलला थांबता थांबता, 'किं…ईं' असा बारीक. शाळेतली पोरं फाटकापाशी कानावर हात ठेवतात म्हणे.

म्हणजे एक तक्रार ऐंशीच्या वेगाला आणि दुसरी दहाच्या. एकीचा वास्ता हाताशी, दुसरीचा कानाशी. इथेच मी दोन वेगळे कागद करायला हवे होते.

गाडी घेऊन खेड शिवापूरच्या टोलपर्यंत गेलो आणि परत आलो. ब्रेक न लावता ऐंशीला गाडी गुळगुळीत, म्हणजे बॅलन्सिंगवाल्याची चूक नव्हती. टायरच्या बॅलन्सचा दोष असता तर पाय ब्रेकवर असो-नसो, स्टिअरिंग हललंच असतं. हलका ब्रेक लावला की मात्र हातात स्पष्ट थडथड, पायाखाली पेडलही किंचित श्वास घेतल्यासारखं वरखाली. वेग उतरला तशी थडथड संथ होत गेली आणि चाळिसाच्या खाली विरून गेली. हा एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, धक्का नव्हे. एबीएस जोरात ब्रेक मारल्यावर किंवा निसरड्यावर लाथा मारतं, आणि त्याची लय वेगाबरोबर अशी सावकाश मंदावत नाही.

इथे थोडं गणित. या गाडीला १८५/६५ आर १५ मापाचे टायर आहेत. एका फेरीत चाक साधारण १.९ मीटर पुढे जातं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेअकरा-बारा फेऱ्या. डिस्कवर एखाद्या जागी दोष असेल तर तेवढेच टोले सेकंदाला बसणार. पुढच्या सस्पेन्शनला आणि स्टिअरिंगला नेमका याच पट्टीतला हादरा लागू पडतो. झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्का जसा झोका चढवतो, तसं. चाळिसाला तेच टोले सेकंदाला सहाच्या आसपास पडतात, तेव्हा झोका चढत नाही. दोष असतो, पण हाताला कळत नाही. 'गावात काही होत नाही हो' याचा अर्थ इतकाच.

मागचे ड्रमही तपासून घेतले. नऱ्ह्याच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असं बघून, हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो, तेव्हा ड्रम लंबगोल झाले असते तर थरथर सीटखालून आली असती. आली नाही. बटण सोडायचं नाही, नाहीतर दांडा अडकतो आणि गाडी फिरते. हमरस्त्यावर हा प्रयोग कुणी करू नये.

परत आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर डिस्कवर धरला. डावी ९५ अंश, उजवी १४०. मग कंपाउंडच्या भिंतीला चिकटून काचा उतरवून हळू चालवली. भिंतीवरून आपटून येणारा आवाज कोणत्या बाजूचा हे लगेच कळतं. किंकाळी उजव्या चाकाची. झालं! उजवी डिस्क गरम, उजवं चाक ओरडतंय, तेव्हा थरथरही उजवीकडचीच, असं मी ठरवून टाकलं.

उजवं चाक काढलं आणि जे दिसलं त्याने माझा समज आणखी घट्ट झाला. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन जाम. रबरी बूट फाटलेला, आत मागच्या पावसाळ्याचं पाणी जाऊन ग्रीसचा चिकट लगदा झालेला. कॅलिपर सरकत नसल्याने पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटाच राबत होता. आतल्या पॅडवर ५ मिलिमीटर माल उरला होता, बाहेरच्यावर ८, आणि आतला तिरका झिजलेला. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकून राहत होता, म्हणून ती गरम. शिवाय पॅडच्या पाठीवरची शिम, ती पातळ पत्री, दोन्ही पॅडवर नव्हतीच. ऑक्टोबरात पॅड बसवताना कोणीतरी 'ही कशाला' म्हणून फेकून दिली असणार.

बाईंना किंकाळीचं कारण समजावायला मला फार शब्द लागले नाहीत, कारण फळ्यावर खडू किंचाळतो तो प्रकार त्यांच्या रोजच्या परिचयाचा. खडू चिकटतो-सुटतो, चिकटतो-सुटतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि लांब खडू त्या तालावर कंप पावतो. खडू मोडून आखूड धरला की गप्प. पॅड आणि डिस्क यांच्यात तेच चालतं, आणि शिम म्हणजे कंप पावणाऱ्या वस्तूवर ठेवलेलं बोट. पॅड संपत आल्याची सूचना देणारी पोलादी जीभ असते, तिचा खरखराट वेगळा. तो बहुधा ब्रेक न दाबताही चालू राहतो आणि ब्रेक दाबला की बदलतो किंवा थांबतो. इथे ५ मिलिमीटर माल शिल्लक असल्याने तो प्रश्न नव्हता.

नाना पेठेतून पॅड, शिम, क्लिपा आणि दोन्ही बाजूंच्या पिनांचा बूट-किट आणला. पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस भरलं. आमच्या धंद्यात डब्यातलं साधं ग्रीस बोटाने फासायची वाईट सवय आहे. पेट्रोलियमच्या ग्रीसने हे रबर फुगतं, आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम. पॅड ज्या खोबणीत सरकतात तिथला गंज वायरब्रशने खरवडला.

आणि थरथरीसाठी? तेव्हा माझ्या डोक्यात एक ऐकीव शहाणपण बसलं होतं: डिस्क सहसा वाकत नाही, तापलेल्या डिस्कवर पॅडच्या मालाचा असमान थर बसतो, त्यामुळे थरथर होते. हे खोटं नाही. घाट उतरून आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय तसाच दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटू शकतो. बाई उतार उतरून नवले पुलाखालच्या गर्दीत नेमकं तेच करत होत्या. सगळं जुळत होतं. उजवी डिस्क, आणि गंमत म्हणून डावीही, एमरी पेपरने घासली, नवे पॅड बसवले, गाडी दिली.

चार दिवसांनी फोन. "दादा, आवाज पूर्ण गेला. पोरं आता हसतात, गाडीला काय झालं म्हणून. पण थरथर तश्शीच आहे."

काका आणि लाकडी पेटी

आमच्या गल्लीत एक काका राहतात, भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. संध्याकाळी चहाला गॅरेजवर टेकतात आणि माझ्या कामातल्या खोड्या काढतात. त्यांना हा किस्सा सांगितला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजलंस काय?"

"तापमान मोजलं ना."

"ताप बघितलास. पेशंट वाकडा चालतो आणि तू थर्मामीटर लावतोस. लेका, तू मेकॅनिक आहेस का ज्योतिषी?"

दुसऱ्या दिवशी ते लाकडी पेटी घेऊन आले. आत डायल गेज (टोकणी किंचित हलली तरी काट्यावर दाखवणारं), चुंबकी स्टँड आणि जाडी मोजायला ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर. डायल गेज माझ्याकडे नव्हतं असं नाही. कपाटात होतं, पण अर्ध्या तासाचं काम वाचवायला मी ते काढत नसे. पुण्यात इंजिनिअरिंगचा एवढा पसारा, दर तिसऱ्या घरात मापाची भाषा जाणणारा माणूस, आणि आम्ही गॅरेजवाले डिस्क डोळ्याने बघून 'बेंड' ठरवतो.

बाईंना पुन्हा बोलावलं. गाडी स्टँडवर घेतली. डाव्या चाकाचे नट माझ्या पोऱ्याला पान्याने सुटेनात. पान्यावर पाइप चढवला तेव्हा कुठे किंचाळत सुटले. या गाडीच्या पुस्तकात चाकाच्या नटांना साधारण ११० न्यूटन-मीटर सांगितलंय. हे दुपटीच्या पुढे असावेत, हवेच्या गनने मन मानेल तसे मारलेले. असे कमीजास्त आवळलेले नटही डिस्कला तिरकं ओढतात. मीच पहिल्या भेटीत ते चाक काढून घासलं होतं, आणि परत लावताना पोऱ्याने गनच मारली होती. हे मला तेव्हा कबूल करावं लागलं.

चाक निघाल्यावर डिस्क हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्याला आवळलं जातं त्या फिरत्या भागावर, सैल राहते, तेव्हा नटाखाली वॉशर टाकून ती समान आवळली. हे न करता मोजलं तर आकडा खोटा येतो. गेजची टोकणी डिस्कच्या कडेपासून १० मिलिमीटर आत टेकवली, काटा शून्यावर आणला, आणि काकांनी डिस्क हाताने एक पूर्ण फेरी सावकाश फिरवली.

उजवी बाजू: ४० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डावी: १३०.

फिरताना काटा जेवढा हलतो तेवढी डिस्क डोलते. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात या डोलण्याची मर्यादा ५० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान असते. म्हणजे जिला मी 'गंमत म्हणून' हात लावला होता तीच गुन्हेगार. थंड, शांत, न ओरडणारी डावी बाजू.

मग मायक्रोमीटरने जाडी, डिस्कच्या भोवती आठ ठिकाणी. उजवीकडे सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ६ मायक्रॉनांचा फरक. डावीकडे २२. इथे दहा-पंधरा मायक्रॉनच्या पुढे गेलं की पायाला आणि हाताला कळायला लागतं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनांचा धरला तर हा फरक केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. डोळ्याने किंवा बोटाने तो सापडणं अशक्य.

आता या दोन आकड्यांचं नातं. या प्रकरणाचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबतो. डिस्क डोलते म्हणून लगेच थरथर होत नाही. सरकता कॅलिपर डिस्कच्या मागेपुढे सरकून थोडंफार डोलणं निभावून नेतो. त्रास जाडीच्या फरकाने होतो: जाड जागा पॅडखाली आली की पिस्टन मागे ढकलला जातो, ऑइल मागे दाबलं जातं, पेडल उसळतं, पकड वाढते. पातळ जागा आली की पकड सुटते. पण जाडीचा फरक येतो कुठून? डोलणाऱ्या डिस्कचा उंचवटा दर फेरीला पॅडला हलकासा घासून जातो, पाय ब्रेकवर नसतानाही. सातारला जाऊन यायचं म्हणजे दोनशेवर किलोमीटर, लाखभर फेऱ्या. प्रत्येक फेरीला एकाच जागी एक हलका हात. चार-पाच महिन्यांत ती जागा बाकीच्या डिस्कपेक्षा पातळ होते, आणि थरथर सुरू.

आता फाइल आठवा. दोन्ही वेळा नवी डिस्क, दोन्ही वेळा चार महिने गुणी बाळ, मग पुन्हा तेच. डिस्क मुळात जाडीला असमान आली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पॅडचा ठसा असता तर एका घाटातच उमटला असता आणि घासल्यावर काही दिवस तरी गेला असता. इतक्या नेमाने, इतक्या उशिरा येणारा दोष सावकाश झिजण्याचाच असतो. हे बिलांवरून वाचता आलं असतं.

डिस्क नव्हे, हब

डोलणं डिस्कचं की तिच्या मागच्या हबचं? काकांनी उंचवट्याच्या जागी खडूने डिस्कवरही खूण केली आणि हबच्या बोल्टवरही. डिस्क काढून दोन बोल्टांनी पुढे फिरवून पुन्हा आवळली. डिस्क वाकडी असती तर उंचवटा तिच्यावरच्या खुणेबरोबर फिरला असता. उंचवटा हबच्या खुणेपाशीच राहिला.

डिस्क उतरवली. हबच्या तोंडावर तपकिरी गंजाचे कडक पापुद्रे, जुन्या पत्र्याच्या शेडवर असतात तसे. दोन वेळा नवीकोरी डिस्क आणली आणि दोन्ही वेळा ती या पापुद्र्यांवर बसवली. हबचा व्यास १४० मिलिमीटर आणि डिस्कचा २५० धरला तर हबच्या एका कडेला ५० मायक्रॉनचा पापुद्रा असला की डिस्कच्या कडेला तो ९० होऊन दिसतो. पाटाच्या एका पायाखाली पत्ता सरकवला तर पाट किती डुगडुगतो, त्यातला हा प्रकार.

वायरब्रश, मग एमरी. पुन्हा डिस्क चढवली, पुन्हा गेज. १३० वरून ६५ वर आलं. मी खूश झालो, काका नाही झाले. "निम्मं गेलं म्हणजे निम्मं आहे." त्यांनी हबच्या तोंडावर निळी शाई फासली, डिस्क दाबून बसवली आणि काढली. एका कडेला, दोन बोल्टांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी शाई पुसली गेली होती. भिंगातून बघितलं तर छिन्नीची खूण. धातू दबला होता आणि दबलेल्या खाचेच्या काठाला तो वर उठला होता.

तिथे सगळी साखळी जुळली. जानेवारीत मूळ डिस्क काढताना ती गंजून हबला चिकटली असणार. या गाडीच्या डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात ८ एमएमचे बोल्ट सारखे-सारखे फिरवत नेले की डिस्क आपोआप पुढे सुटते. ती भोकं गंजाने बुजली होती, आणि कोणीतरी डिस्क आणि हबच्या फटीत छिन्नी घालून हातोडा मारला होता. म्हणजे रास्त म्हणून केलेल्या पहिल्या बदलानेच आजार दिला, आणि त्यानंतरचे सगळे खर्च त्या दाण्याएवढ्या टेंगळावर झाले. कोणत्या गॅरेजने केलं हे फाइलवर आहे, इथे लिहीत नाही. माझ्या गॅरेजातही छिन्नी आहे, आणि ती कधी वापरलीच नाही असं मी शपथेवर सांगणार नाही.

ऑइलस्टोनने टेंगूळ हलके हलके उतरवलं. कानस लावायची नाही, ती तोंडच तिरकं करते. शाई, स्टोन, शाई, स्टोन, असं चारदा. हबचं तोंड थेट गेजखाली घेतलं: १० मायक्रॉन. बेअरिंगला ढिलाई नव्हती, ते आधीच तपासलं होतं. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा मागचा रबरी बुश किंचित तडकलेला दिसला. तो अशी थरथर वाढवतो, उत्पन्न करत नाही. बदलला नाही, तसं बाईंना सांगून ठेवलं.

मग डिस्कचा प्रश्न. हब सुधारला तरी डिस्कवर २२ मायक्रॉनांचा फरक कोरला गेलेला होताच. नवी डिस्क २२ मिलिमीटरची, किमान मर्यादा २०, आणि ही अजून २१.८ होती. तिसरी जोडी विकत घ्यायला सांगणं मला जमलं नसतं. नऱ्ह्यातल्या लेथवाल्याकडे दोन्ही डिस्क नेल्या. लेथवर फेसिंग करून घेताना एक गोष्ट आग्रहाने सांगावी लागते: डिस्क चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात, बाहेरून पकडायची नाही. तिचं हबवर बसणारं आतलं तोंड साफ करून, त्याच तोंडावर टेकवून, मँड्रेलवर (मधल्या भोकातून जाणाऱ्या दांड्यावर) घ्यायची आणि दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मारायच्या. नाहीतर एक वाकडेपणा काढून दुसरा मिळतो. लेथवाला पहिल्यांदा कुरकुरला, पण काका शेजारी स्टूल टाकून बसल्यावर निमूट केलं. डावी २१.५ झाली, उजवीही तेवढीच घेतली.

हबच्या तोंडावर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात, डिस्क, मग गेज: डावी ३० मायक्रॉन, उजवी ३५. चाकं चढवून नट एकाआड एक, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, ११० वर. गन हुकला टांगून ठेवली.

पॅड बसवणं आणि पुढचं

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंना शेजारी बसवून निघालो. साठवरून विसापर्यंत मध्यम ब्रेक, मग जरा चालवून थंड होऊ द्यायचं, असं बारा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही. पॅडचा माल डिस्कवर सारखा पसरावा म्हणून हे. परत येताना कात्रजच्या उतारावर त्यांना तिसऱ्या गिअरमध्ये उतरवलं. 'ज्या गिअरात चढतो त्यात उतरायचं' हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. दुर्दैवाने याच उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारेही आहेत, आणि नवले पुलापाशी कसे अपघात होतात ते आपण पेपरात वाचतो. खाली गर्दीत थांबल्यावर पाय दाबून धरण्याऐवजी गाडी थोडी थोडी पुढे घ्यायला सांगितलं. ऐंशीच्या पट्ट्यात हलका ब्रेक लावला तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरून दोन्ही हात किंचित उचलले आणि माझ्याकडे बघितलं. काहीच हललं नाही.

ऑगस्टात सकाळी सातला फोन आला. "दादा, आवाज परत आला! खर्र, खर्र." रात्रभर पाऊस झाला होता. विचारलं, "पहिल्या दोन-तीन ब्रेकनंतर आहे का?" थोडा वेळ शांतता. "नाही. आता नाही." उघड्या लोखंडावर एका रात्रीत धरलेला गंज होता तो. पहिल्या ब्रेकांनी पुसला जातो. पुण्यात जून ते सप्टेंबर असे फोन येणारच.

डिसेंबरात, ८३ हजारांवर, मीच गाडी बोलावली. मला आकडा बघायचा होता. नट सोडायला गेलो तर डाव्या चाकाचे पुन्हा सुटेनात. बाई म्हणाल्या, "शिरवळजवळ पंक्चर झालं होतं ना, त्यांनी गनने लावून दिलं." पाइप चढवून नट सोडले. गेज लावलं: ५० मायक्रॉन, जुलैत ३० होते. जाडीचा फरक अजून फक्त ७.

काकांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे 'मार्च' लिहून जागा मोकळी ठेवली. बाईंच्या डिकीत आता एक साधा हातपाना आहे, आणि पंक्चरवाल्याला दाखवायला त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहून चिकटवली आहे: 'कृपया गन वापरू नये. हाताने आवळावे.'